चढावरचं तेल

दादा नऊला येतो म्हणाला होता आणि पावणेनऊलाच आला. ताईला तेच खटकलं. लवकर येणारा माणूस लवकर सुटायच्या बेताने आलेला असतो, हे तिला पेशंटच्या नातेवाइकांवरून पक्कं माहीत होतं.

तो शटरपाशी थांबला. खांद्यावर गोणपाट, गोणपाटात चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची कप्पी, साखळीचं एक टोक बाहेर लोंबतंय. शटर पूर्ण वर होतं तरी हा रस्त्यावरच उभा. गेली एकोणीस वर्षं तो या घरी बाजूच्या जिन्याने यायचा. वर, थेट. कुणी आजारी असलं की, भाचीपुतणीचा निकाल लागला की, आई गेली तेव्हा. खाली गॅरेजमध्ये मात्र त्याने पाय ठेवला नव्हता.

"ये की. कुत्रं सोडलेलं नाही," ताई म्हणाली.

"तू गाडीत काय करतेयस?"

"बसलेय. गुडघे आहेत मला."

"ती खुर्ची आहे ना तिथे."

"ती अण्णांची."

"अजून?"

"अजून म्हणजे काय? अण्णा आहेत ना अजून."

दादा हसल्यासारखं करून आत आला. झालं, एवढंच. ताईने हा प्रसंग मनात बऱ्याचदा रंगवला होता. त्यात कुणी रडायचं, कुणी भांडायचं. प्रत्यक्षात तिच्या थोरल्या भावाने गोणपाट खाली ठेवलं, वर तुळईकडे बघितलं आणि विचारलं, "ही किती घेईल?"

गाडी म्हणजे त्यांच्या वडिलांची, अण्णांची, ती हिरवी छोटी. काल संध्याकाळी मागच्या शेडमधून ढकलत आणलेली. चारही टायर बसलेले, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. पण पत्रा ठणठणीत. ताई घरोघर जाऊन पेशंट बघणारी नर्स, आणि तिचे निम्मे पेशंट जुन्या वस्तीतले. त्या वस्तीत गेल्या वर्षापासून पेट्रोलची गाडी सोडत नव्हते. मग ही बाई नाक्यावर उतरून, बॅग खांद्याला लावून, दिवसाला अकरा जिने चढायची. दोन महिन्यांपूर्वी तिचा गुडघा सुजून उशीएवढा झाला तेव्हा तिच्या दुसऱ्या भावाची, भाऊची, मुलगी म्हणाली, "आत्या, शेडमधल्या गाडीचं इंजिन तसंही मेलेलंय. काढून टाकू आणि मोटर बसवू. गल्लीत बसेल एवढीशीच तर आहे."

या मुलीला सगळे फ्यूज म्हणायचे. पाच वर्षांची असताना तिने सॉकेटमध्ये हेअरपिन घालून अख्खी बिल्डिंग अंधारात टाकली होती. आता चोवीस वर्षांची होती आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानात कामाला होती. मोटर तिनेच शोधली, एका गोदामातल्या मोडीत काढलेल्या फोर्कलिफ्टची. आणि मोटर आली तसा प्रश्न आला की हे काम जाणणारं घरात कोण आहे. घरात सगळे इंजिनवाले. मोटरवाला एकच, लिफ्ट दुरुस्त करणारा दादा. त्याला फोन तिनेच केला. कुणाला न विचारता.

"काका, बॅटऱ्या डिकीत टाकल्या तर बूड जड होईल का हो?" गाडीखालून तिचा आवाज आला.

"मी मागे बसायचे तेव्हाही होतंच की," ताई म्हणाली.

"अर्ध्या पुढे टाकू," दादा खाली वाकून म्हणाला. "रेडिएटर जातोय ना, तिथे. आणि ब्रेकचं काय केलंस?"

"ब्रेकचं काय?"

"ब्रेकला जो जोर मिळतो तो इंजिनच्या ओढीतून मिळतो. इंजिन गेलं की पेडल दगडासारखं होणार. छोटा पंप लागेल वेगळा."

गाडीखाली पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज. मग, "बाबा, तुम्ही हे बोललाच नाहीत."

भाऊ तेव्हा मागच्या दाराने पान्यांचा ट्रे घेऊन येत होता. "मला काय माहीत," तो म्हणाला. "आजपर्यंत गाडीतून इंजिन काढून टाकून ती चालवायची वेळ आली नव्हती." मग त्याने दादाकडे बघितलं. "आलास?"

"आलो."

"चहा?"

"घेऊन आलो."

दोघं भाऊ एकाच उंचीचे, एकाच ठिकाणी टक्कल पडलेले. गप्प बसायची पद्धतही एकच. ताईला दोघांचाही सारखाच वैताग आला.

फ्यूज बाहेर सरकली. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्या मधली जाड प्लेट तिने लेथवाल्याकडून कातून आणली होती. ती दाखवत म्हणाली, "हिला पॅकिंग लावायचं का? पेस्ट?"

"लाव थोडी," भाऊ म्हणाला.

"मीच लावते. तुम्ही लावलीत तर आत्या म्हातारी झाली तरी मोटर सुटायची नाही."

"अजून तसाच लावतोस?" दादाने विचारलं. "पावाला लोणी लावल्यासारखी?"

"माझ्याकडून गेलेली गाडी गळत नाही," भाऊ म्हणाला. हे तो गेली पंचवीस वर्षं म्हणत होता आणि ते खरंही होतं. अण्णा नुसत्या कागदी पॅकिंगवर बोटभर ग्रीस फिरवायचे. दादाही तसंच. सांध्यात भरायची, वाळून रबर होणारी लाल पेस्टची ट्यूब या गॅरेजात आणली ती भाऊनेच.

* * *

अण्णा जिन्याने खाली आले तेव्हा सगळे उभे राहिले. ताई बसूनच राहिली, पण पाठ सरळ केली. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, एक हात कठड्यावर, मागे वहिनी. वहिनी म्हणजे भाऊची बायको. तिचा एक हात अण्णांच्या शर्टाला लागेल न लागेल असा. खुर्चीत बसल्यावर अण्णांनी चेन ब्लॉककडे बघितलं.

"किती वजन घेते?"

"एक टन," दादा म्हणाला.

"पुरेल."

दादाला वाटलं, बरं झालं. वजनापाशीच थांबलं. असाच दिवस जाऊ दे. संध्याकाळच्या आत मोटर बसली की साखळी गुंडाळायची आणि घरी जायचं. त्याला उद्या सकाळी सहाला एका दवाखान्याची लिफ्ट उघडायची होती. गेल्या आठवड्यात त्याला तीन रात्री धड झोप नव्हती, यायचं की नाही यावर. त्याची बायको शेवटी म्हणाली होती, जा बाबा, निदान मला तरी झोपू दे.

बॅटरीच्या वायरी सुटल्या. रेडिएटरचं गंजकं पाणी निघालं. फ्यूज परत गाडीखाली गेली आणि चेंबरच्या बोल्टला पाना लावला. इंजिनच्या तळाला तेल साठतं ते चेंबर. उचलायच्या आधी ते रिकामं करायचं, ही शिस्त.

"बाबा, खाली काय धरू?"

भाऊने कोपऱ्यातला रंगाचा रिकामा डबा पायाने सरकवला. एक लिटरचा. "हा बास झाला. चार थेंब असले तर असतील."

तो मुद्दाम बोलला नव्हता. दादाला ते कळलं. घरात सगळ्यांना तोंडपाठ असलेली गोष्ट होती ती. दादाने तेल न बघता गाडी काढली, पुलाच्या चढावर इंजिन धरलं, आतून जाम झालं, अण्णा दोरी घेऊन गेले. तेल मोजायची काडी काढली, पुसली, घातली, परत काढली. टोकाला नुसता ओला डाग. आणि तिथेच, वाहनं हॉर्न मारत असताना, चार माणसांत म्हणाले, तेल न बघता गाडी काढणारा माझ्या गॅरेजमध्ये नको. दुसऱ्या महिन्यात दादा लिफ्टच्या कंपनीत लागला. गाडी शेडमध्ये गेली, शेडची किल्ली अण्णांच्या करगोट्याला गेली, आणि त्या इंजिनचा एक बोल्ट पुन्हा कुणी उघडला नाही. इतकं की आजही उचलायच्या आधी कुणी काडी काढून बघितली नव्हती. काय बघायचं?

बोल्ट सुटला.

आधी काहीच नाही. मग काळी, बोटाएवढी जाड धार, सावकाश, मधासारखी. डब्याचा तळ झाकला. धार चालूच. डबा अर्धा झाला.

"बरंच आहे," फ्यूज म्हणाली.

धार बारीक होईना.

"अहो, डबा भरला. दुसरं काहीतरी द्या."

डबा काठोकाठ आला आणि बाहेरून ओघळायला लागला. तेल फरशीवर पसरत ताईच्या चपलेपर्यंत गेलं, तिने पाय उचलून आत घेतला, तरी कुणी हललं नाही. भाऊ हातात पाना धरून उभा. वहिनी कपांचा ट्रे घेऊन उभी. शेवटी दादाच गेला, भिंतीला टेकवलेली तेल काढायची परात घेतली आणि गुडघ्यावर बसून गाडीखाली सरकवली. धार परातीत पडायला लागली. तो तसाच बसून राहिला. बघत.

थांबायला दहा मिनिटं लागली असतील. फ्यूजने परातीतलं तेल मापात ओतलं, डब्यातलं धरलं, फरशीवरचं अंदाजाने. "साडेतीन लिटर," ती म्हणाली. "कमीत कमी. बाबा, याला किती लागतं?"

"साडेतीन," भाऊ म्हणाला.

ताई गाडीतून उतरली. दाराला धरून, एकेक पाय. "पूर्ण होतं," ती म्हणाली. "अण्णा, पूर्ण होतं."

"नंतर कुणीतरी भरलं असेल," वहिनी पटकन म्हणाली.

"कोण भरणार? किल्ली कुणाकडे होती?"

"म्हणून तर म्हणते. अण्णांनीच कधीतरी..."

"मी त्या गाडीला हात लावला नाही," अण्णा म्हणाले.

त्यांचा चेहरा दादाला नीट दिसत नव्हता. बघायचंही नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता. फरशी पुसायला भुसा कुठे असेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

"मग धरलं कशाने?" फ्यूजने विचारलं. कुणाची बाजू घ्यायची म्हणून नाही, तिला खरंच प्रश्न पडला होता. "तेल असताना इंजिन कसं धरेल?"

"राहू दे," दादा म्हणाला. "भंगारात चाललंय ते."

"राहू दे?" ताई म्हणाली. "एकोणीस वर्षं तू चोरासारखा बाजूच्या जिन्याने चढतोस, आणि राहू दे?"

"ताई, पुरे की. अण्णांसमोर," वहिनी म्हणाली.

"अण्णांसमोरच. कुणासमोर बोलू मग, परातीसमोर?"

"ताई," भाऊ म्हणाला.

"तू बोलूच नकोस. तू तेव्हाही बोलला नव्हतास."

दादाने भुशाचं पोतं शोधलं. जिथे असायचं तिथेच होतं. तो तेलावर भुसा टाकायला लागला. "दिवा लागला होता," तो कुणाकडे न बघता म्हणाला. "तेलाचा, डॅशबोर्डवर. पूल चढताना लागला. मागे बस होती. थांबायला जागा मिळेपर्यंत खलास. दिवा लागला म्हणजे तेल नाही, असंच वाटणार ना कुणालाही. मलाही तसंच वाटलं."

अण्णा काठीच्या मुठीवर अंगठा घासत होते. मग म्हणाले, "आधी बाहेर काढा ते."

* * *

जेवायला सगळे वर गेले. भाऊ म्हणाला, हात धुऊन आलोच.

इंजिन दोन टायरवर आडवं पडलं होतं. गाडीच्या तोंडात भलंमोठं भगदाड. तुळईला साखळी लटकत होती, तिच्या हुकात आता मोटर अडकवून ठेवली होती, जमिनीपासून वीतभर वर. जेवून आल्यावर बसवायची.

भाऊने चेंबरचा पहिला बोल्ट सोडला. चौदा असतात. इंजिन धरायच्या आठवडाभर आधी हे चेंबर त्यानेच बसवलं होतं. हे तो विसरला नव्हता. आठवत होता असंही नाही. दाढ दुखायची थांबली तरी आपण त्या बाजूने चावत नाही, तसं काहीतरी.

चौदावा निघाला तरी चेंबर सुटेना. अर्थातच. पेस्टने धरलेलं. त्याने पटाशी घालून फिरवली. पॅकिंगच्या बाहेरच्या कडेला लाल रेघ होती, एकसारखी, सुबक, त्याला आवडायची तशी. आतल्या कडेलाही होती, जिथे ती नको होती, आणि जागोजागी तुटलेली. तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला एक जाळी असते. रुपयाएवढी. त्याने बॅटरीचा उजेड पाडला. जाळी दिसत नव्हती. तिच्यावर लाल पापुद्रे बसले होते, एकावर एक, रबरासारखे.

तेल होतं. वर जायला वाट नव्हती.

तो भंगारातल्या पिस्टनच्या खोक्यावर बसला. तीनदा त्याने जाळी नळीसकट काढायला हात घातला आणि तीनदा मागे घेतला. मग काढली.

"जेवण थंड होतंय," वहिनी जिन्यावरून म्हणाली. मग खाली आली. मग तिने बघितलं. ती काही मेकॅनिक नव्हती, पण पंचवीस वर्षं ती या माणसाच्या शर्टांवरचे लाल डाग घासत होती.

"हे ते आहे?" तिने विचारलं.

"हो."

"नक्की?"

"दुसरं काय असणार."

ती खाली बसली नाही. पदराने हात पुसत उभी राहिली, हात ओले नसताना. "ऐका माझं," ती म्हणाली. "तेल होतं हे कळलं ना सगळ्यांना? दादांवरचं गेलं. मग झालं की. इंजिन जुनं होतं, आतलं काहीतरी तुटलं. कुणी विचारणार नाही."

"फ्यूज विचारेल."

"तिला मी बघते."

भाऊने जाळी उजेडात उलटी केली.

"अण्णांचं वय बघा. या वयात त्यांना एक मुलगा परत मिळतोय. तुम्ही दुसरा कशाला घालवताय?" तिचा आवाज चढला नाही. ती दमलेली दिसत होती, नेहमीपेक्षा जास्त नाही, नेहमीइतकीच. "मी या घरात आले तेव्हापासून सगळ्यांना एका ताटलीत दोन बाजूंना वाढतेय. मला एक दुपार शांत पाहिजे. एकच."

"किल्ली मागितली असती तर अण्णांनी दिली असती," भाऊ म्हणाला.

"कसली किल्ली?"

"शेडची. सपाट जागेवर उभी होती गाडी. काडी काढून बघायला अर्धा मिनिट. मी कधी मागितली नाही." त्याने जाळी फडक्यात घेतली. "दरवेळी वाटायचं, जाऊ दे."

वहिनीने हात पुढे केला. फडकं द्या, असा. तो हात बराच वेळ तसाच होता. मग तिने तो मागे घेतला आणि म्हणाली, "निदान साबणाने हात धुवा. टेबल पुसलंय मी."

* * *

फ्यूजचं अर्धं जेवण झालं होतं. तिला एवढंच कळत होतं की काका आणि आत्या मुद्दाम बॅटऱ्यांबद्दल बोलतायत आणि आजोबा अन्न चिवडतायत. बाबा आले, हात धुतलेले, आणि बसायच्या ऐवजी त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, काकांच्या आणि आजोबांच्या ताटांच्या मधे. त्यावर फडकं ठेवून उघडलं.

तिने एका नजरेत ओळखलं. आणि तिला सकाळचा आपला विनोद आठवला.

"जाळी," बाबा म्हणाले. "मी बसवलं होतं चेंबर. आठवडा आधी."

काकांनी ताटातला हात झटकला, कोरड्या हाताने नळी उचलली, उजेडाकडे धरली. एक पापुद्रा नखाने काढला. परत ठेवली.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"नक्की?"

"माहीत नव्हतं. पण कधी बघायलाही गेलो नाही." बाबांनी खुर्चीची पाठ धरली होती. "तू गेल्यावर गॅरेज माझ्याकडे आलं ना."

हे ते अगदी सरळ बोलले. फ्यूजला वाटलं, आता काका उठतील, जिना उतरतील आणि ती साखळी घेऊन जातील. तिने त्यांना उठू द्यायचं नाही म्हणून त्यांच्या ताटात भात वाढला. त्यांनी नको म्हटलं नाही.

"मला त्या सकाळचं आठवायचं," काका म्हणाले. "पहिल्यांदा आठवायचं. बॉनेट उघडलं, काडी काढली, पायजम्याला पुसली म्हणून आई ओरडली. पूर्ण होतं. हे सगळं मला दिसायचं डोळ्यासमोर." ते आजोबांकडे बघत नव्हते, भाताकडे बघत होते. "पण अण्णा, तुम्ही इतकं ठाम बोललात. तुम्ही कधी चुकत नव्हता ना. वर्षभराने मला वाटायला लागलं, आई ओरडली ती वेगळ्या दिवशी. मग वाटलं, ओरडलीच नव्हती. आता मला खरंच सांगता येत नाही. आज सकाळी ते तेल पडत होतं, आणि मी काय विचार करत होतो सांगू? की हे कसं शक्य आहे, मी तर बघितलं नव्हतं."

फ्यूजची आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने नळ सोडला आणि लगेच बंद केला.

आजोबांनी नळी ओढून घेतली. त्यांनीही नखाने एक पापुद्रा काढला, बोटात चोळला, वास घेतला. बाबा त्यांच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे उभे होते, सत्तेचाळीस वर्षांचे. पण आजोबांनी त्यांना काहीच म्हटलं नाही. ते काकांना म्हणाले, "मी चढावर बघितलं."

"हं?"

"काडी. चढावर काढली मी. गाडीचं तोंड वर. तेल सगळं मागे जातं, काडी पुढे. पहिल्या दिवशी कामाला आलेल्या पोराला मी सांगतो, सपाटीला बघ." त्यांनी नळी ठेवली. "मी चढावर बघितलं."

आत्या रडेल असं फ्यूजला वाटलं होतं, पण ती नुसती गुडघा चोळत होती.

"जेव," काका बाबांना म्हणाले. "उभा काय राहिलास."

बाबा बसले. आजोबा मात्र उठले.

"कोण कोण होतं तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"कुठे?" आत्याने विचारलं.

"पुलावर. मी बोललो तेव्हा कोण होतं? आपली दोन माणसं होती."

"एक गेला, अण्णा. तुम्ही गेला होतात त्याच्या घरी. दुसरा त्याच्या मुलाकडे राहतो, लांब. फोन नाही आपल्याकडे."

"टेम्पोवाला होता."

"तो कोण होता कुणाला ठाऊक."

"आणि समोरचा. स्पेअर पार्टवाला. टेम्पोत मागे बसून आला होता तो माझ्याबरोबर."

"तो आहे," आई ओट्यापासून म्हणाली. "रविवारी दोनपर्यंत असतो दुकानात."

आजोबांनी काठी घेतली.

"अण्णा, नका," काका म्हणाले. "काही गरज नाही. कुणाला काय पडलंय आता."

"तुला एकट्याला बोललो असतो तर तुला एकट्याला सांगितलं असतं," आजोबा म्हणाले. "चार माणसांत बोललो होतो. त्यातला एक उरलाय."

* * *

त्यांना कुणी हात दिलेला चालला नाही. जिना उतरायला पाच मिनिटं, रस्ता ओलांडायला दोन. एका रिक्षावाल्याने थांबून जाऊ दिलं.

दादा शटरपाशी उभा राहिला, सकाळी उभा होता तिथेच, पण आतल्या बाजूला. त्याच्या शेजारी भाऊ येऊन थांबला. मागे फ्यूज मोटरला हात लावून ती डोलायची थांबवत होती, आणि ताई तिला विचारत होती की या गाडीचा आवाजच येणार नसेल तर गल्लीतली माणसं बाजूला कशी होणार. "तुम्ही ओरडा ना आत्या," फ्यूज म्हणत होती. कुणी हसलं नाही, पण ते विनोद म्हणूनच बोललं गेलं होतं.

समोर स्पेअर पार्टवाल्याने स्टूल पुढे केलं. अण्णा बसले नाहीत. दुकानदारही आता सत्तरीचा, चष्मा कपाळावर. त्याला वाटलं काहीतरी पार्ट पाहिजे. तो वळला आणि त्याने फळीवरून एक खोकं काढलं. अण्णांनी मान हलवली. बोलायला लागले. दुकानदाराने कानामागे हात धरला. अण्णा परत बोलले. रस्त्यावरच्या आवाजात इकडे एक शब्द ऐकू येत नव्हता.

मग अण्णांनी काठी काउंटरला टेकवून ठेवली. डावा हात पुढे केला, तळवा तिरका. पूल. उजव्या हाताचं एक बोट वरून त्या तळव्याच्या पुढच्या टोकाला खुपसलं, काढलं, दाखवलं. मग तळवा सपाट केला. परत बोट.

दुकानदार ते हात बघत होता. मग त्याने अण्णांकडे बघितलं आणि सावकाश, फार अदबीने, नाही अशी मान हलवली.

"त्याला आठवत नाहीये," भाऊ म्हणाला.

"नाही."

"अण्णांना बोलावून आणू का?"

समोर अण्णा बोटांवर काहीतरी मोजत होते. वर्षं असावीत. मग त्यांनी गॅरेजच्या दिशेने, या दोघांच्या दिशेने, बोट दाखवलं. दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि इकडे बघितलं, आणि कुठल्या भावाकडे बघायचं ते न कळून दोघांनाही हात केला.

"नको," दादा म्हणाला. "सांगू दे."

अण्णांनी पुन्हा सुरुवातीपासून सुरुवात केली. तळवा पुढे, तिरका.